कुलपातली काडी

६ फेब्रुवारी

गावाकडच्या मनाच्या डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं ते राहू द्या, काय घडलं ते तारीख घालून लिहा. म्हटलं, बाई, मी सातवीत शाळा सोडली, साधा अर्ज लिहायचा म्हटलं तरी मला घाम फुटतो. म्हणाल्या, घाम पुसा आणि लिहा. म्हणून ही वही. मुकादमाकडून मागून घेतली. पहिल्या चार पानांवर पाईप आणि फळ्यांच्या नोंदी होत्या, ती फाडली.

तर घडलं ते असं. माझे वडील, आप्पा, कुलपं दुरुस्त करतात आणि किल्ल्या बनवतात. चाळीस वर्षं एकच दुकान. दुकानामागे खोली, तिथेच राहतात. आई गेल्यापासून एकटे. मी इथे दोन दिवसांच्या प्रवासाइतका लांब, उंच इमारतींना परांच्या बांधतो. गेल्या वर्षभरात आप्पांनी खोलीच्या दाराचं कुलूप अकरा वेळा बदललं. कुणीतरी आपली किल्ली बनवून घेतलीय, आपण बाहेर पडलो की आत येऊन वस्तू हलवून जातं, असं त्यांचं म्हणणं. कोण, असं विचारलं तर ताईकडे बघतात. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते, रोज दुपारी त्यांना डबा देते.

आता दुकानात कुणी किल्ली घेऊन आलं आणि म्हणालं, अशीच दुसरी बनवून द्या, तर आप्पा विचारतात, दुसरी कशाला हवी, तुझ्या मनात काय आहे. किल्लीवाला आणि किल्ली बनवत नाही. गिऱ्हाईक येईल कुठून.

हे झालं घडलेलं. वाटतं तेही लिहितो, बाईंना नको असलं तरी. आप्पा वेडे नाहीत. आणि असलेच तर माझे आहेत, कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

९ फेब्रुवारी

काकांचा फोन. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, शेजारीच त्यांचं दिव्यांचं आणि वायरींचं दुकान आहे. आप्पांनी म्हणे काल हातोडा आणून त्यांच्या शटरचं कुलूप फोडलं. म्हणाले, यात माझ्या किल्लीचे दात आहेत. भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर.

काका म्हणाले, माझी माडीवरची खोली रिकामी केलीय, बाहेरून कडी बसवतो, दोन-तीन महिने शांत ठेवू, आपोआप ठिकाणावर येईल. डॉक्टर-बिक्टरच्या भानगडीत पडू नकोस, एकदा नाव पडलं की सात पिढ्या पुसलं जात नाही. मी म्हटलं, काका, चाळीस वर्षं कुलपं उघडणाऱ्या माणसाला तुम्ही कोंडणार? तर म्हणाले, म्हणून तर कडी. कडीला किल्लीचं भोक नसतं.

म्हणजे त्यांनी नीट विचार केला होता. मला त्याचीच भीती वाटली. सांगितलं, मी येईपर्यंत एक स्क्रू जरी पिळलात तर तुमच्या दुकानाला मी परांची बांधीन आणि तिच्यावरच राहीन.

आज परांचीच्या पाईपचा एकच क्लॅम्प चारदा आवळला. खाली उतरलो, परत वर गेलो, परत बघितला. जोडीदार हसला. हसू दे. कामात चोख असणं म्हणजे आजार नव्हे.

१० फेब्रुवारी

सुट्टी मागितली. बाकीचे ताप सांगतात, लग्न सांगतात, एकाने आजी तीनदा मारली. मी सांगितलं, बापाला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचंय. मुकादम म्हणाला, असं उघड बोलू नये रे. मी म्हटलं, मग झाकून बोलू? त्याने प्रवास सोडून पंधरा दिवस दिले.

संध्याकाळी बाजूला घेऊन त्याने माझ्याकडे त्या डॉक्टरबाईंचा नंबर मागितला. कशाला हवा असेल कोण जाणे.

१३ फेब्रुवारी

पोचलो. माझ्याकडची किल्ली लागली नाही, लागणार नव्हतीच. ताई दारासमोर पायरीवर बसलेली, मांडीवर डबा. म्हटलं, इथे का बसलीस. म्हणाली, उघडतील तेव्हा उघडतील. गेले काही महिने तिचा गुडघाही दुखतोय म्हणे. मी म्हटलं, वजन कमी कर, केवढी सुटलीस, आप्पांचा डबा तूच खातेस काय. नेहमी अशा गोष्टीवर ती मला फटका मारते. आज नुसती उठली.

दार वाजवलं. आतून आवाज, कोण. मी. मी कोण. नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, लहानपणी कानस पायावर पाडून घेतली तेही सांगितलं. मग तीन कड्या निघाल्या.

आप्पा वाळलेत. दाढी मात्र गुळगुळीत, सदऱ्याचं बटण गळ्यापर्यंत. मला बघून हसले, खूप हसले. मग माझी पिशवी उघडून एकेक वस्तू जमिनीवर मांडली. साबणाची डबी उघडून वास घेतला. मी घेऊ दिला. माझ्याही सामानाला कुणी हात लावलेला मला चालत नाही.

कमरेला एक किल्ल्यांचा जुडगा बांधलाय. झोपतानासुद्धा सोडत नाहीत. कसला, विचारलं, तर म्हणाले, वेळ आली की कळेल.

१५ फेब्रुवारी

दोन दिवस समजावतोय. गोडीने झालं, रागाने झालं. रडूनही बघितलं, ते मला जमत नाही. आप्पा ऐकून घेतात आणि दाराच्या फटीतून बघतात. आज म्हणालो, आप्पा, नुसतं एकदा डॉक्टरकडे चला. म्हणाले, डॉक्टर येऊन माझं कुलूप बघणार आहे का?

तिथेच माझी ट्यूब पेटली.

१६ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंना आज प्रत्यक्ष भेटलो. छोटासा दवाखाना, बाहेर चार खुर्च्या आणि कागदपत्रांचं जुनं लोखंडी कपाट. बाई काकांच्या वयाच्या, चष्मा दोरीला. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाल्या, फसवून आणू नका. अशा माणसाला आधीच सगळे फसवतायत असं वाटत असतं.

बाहेर आलो तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आप्पांनी शिकवलं होतं, एखाद्याचं कुलूप निकामी करायचं असेल तर लोक काय करतात. आगपेटीची काडी मोडायची, टोक मेणात बुडवायचं, भोकात सारायचं. किल्ली अर्धीच आत जाते. हे कशासाठी शिकवलं, तर कुणी केलं तर ओळखता यावं म्हणून. तेवढी एकच विद्या माझ्याकडे आहे त्यांची. ती वापरली. त्यात काय चुकलं? मी कुणाचा जीव घेतला नाही, एक काडी घातली.

मग बाईंना आत जाऊन सांगितलं, बाहेरच्या कपाटाचं कुलूप अडकलंय वाटतं, माझे वडील याच कामातले आहेत, उद्या घेऊन येतो, त्या निमित्ताने बोलणंही होईल. त्यांनी किल्ली लावून बघितली, अर्धीच गेली. जरा विचार केला आणि म्हणाल्या, खऱ्या कामासाठी येत असतील तर येऊ देत. पण मी कोण आहे ते मी त्यांना आधीच सांगणार.

घरी आप्पांना सांगितलं, एका बाईंचं कपाट अडलंय. लगेच हत्यारांची पेटी पुसायला घेतली. कितीतरी महिन्यांनी त्यांना कुणी कामाला बोलावलं होतं.

१७ फेब्रुवारी

आज लिहायला हात वळत नाही. पण बाई म्हणाल्या होत्या, काय घडलं ते लिहा.

आप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले. बाईंनी नमस्कार करून सांगितलं, मी मनाची डॉक्टर आहे. आप्पा म्हणाले, असाल, कपाट कुठाय. खाली बसले. भोकाला डोळा लावला, मग नाक लावलं.

"मेण," म्हणाले.

बाई म्हणाल्या, मला वाटलं गंज धरला असेल. आप्पा म्हणाले, बाई, काडी काही स्वतःच्या पायाने आत जात नाही. बारीक तार घालून काडीचे दोन तुकडे काढले, तळहातावर ठेवले, उजेडाकडे नेले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, आडवी मोडलीय. आणि तिरकी घातलीय, डाव्या हाताने.

मी डावखुरा आहे. मी हात खिशात घातले. तीच चूक झाली.

"वर्षभर तुम्ही सगळे मला सांगताय, असं काही नसतं, कुणी काही करत नाही. मग हे काय आहे?"

आप्पा आत जाऊन बसले, आम्ही मागोमाग, मग त्यांनी कमरेचा जुडगा सोडून बाईंच्या टेबलावर ठेवला. अकरा किल्ल्या. प्रत्येकीवर खिळ्याने तारीख कोरलेली.

"दर कुलपाला एक जास्तीची कापत होतो. त्या पोरीला दिली नाही, भावाला दिली नाही. तुझी म्हणून ठेवली. आलास त्या दिवशीच देणार होतो, म्हटलं, चार दिवस बघू. बघितलं."

मला वाटलं, आता बाई सारवासारव करतील, मुलाने प्रेमापोटी केलं वगैरे. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. हे मुद्दाम केलंय, तुमच्या मुलाने केलंय, आणि त्याने मलाही फसवलंय. तुम्हाला जायचं असेल तर दार उघडं आहे."

आप्पांनी दाराकडे बघितलं. नुसतं नाही, कामाच्या नजरेने. उठून चौकटीवरून बोट फिरवलं. म्हणाले, इथलं कुलूप काढून टाकलंय तुम्ही. बाई म्हणाल्या, हो, आत बसलेल्या माणसाला वाटेल तेव्हा जाता यावं म्हणून. आप्पा म्हणाले, काढलंत तर काढलंत, भोकं तरी बुजवायची. बाईंनी विचारलं, तुम्ही बुजवून द्याल का?

आप्पांनी एक भोक नखाने टोकरून बघितलं. मग म्हणाले, आधी याला बाहेर काढा.

याला म्हणजे मला.

पाऊण तास मी त्या चार खुर्च्यांतल्या एकीवर बसलो होतो. दार उघडंच होतं, पण ऐकू आला तो फक्त कपाटाची किल्ली कानशीने घासल्याचा आवाज, आणि मधूनमधून आप्पांचा. त्यांचा आवाज एवढा वेळ सलग मी शेवटचा कधी ऐकला आठवत नाही. बाहेर आले तेव्हा हातात एक चिठ्ठी होती. म्हणाले, झोप लागत नाही म्हणून गोळी दिलीय, बाकी मला काही झालेलं नाही. हे त्यांनी भिंतीला सांगितलं.

ते पुढे गेल्यावर बाईंनी मला थांबवून सांगितलं, गोळ्या फक्त झोपेच्या नाहीत, तसं त्यांनाही सांगितलंय, त्यांनी झोपेपुरतं घेतलं, आज तेवढं पुरे. फरक दिसायला कित्येक आठवडे लागतील. आणि तुम्ही पुन्हा माझ्या कपाटाजवळ दिसलात तर बघा. मी वही द्यायला निघालो होतो, पण दिली नाही. माझ्याबद्दलच फार आहे यात. बाई म्हणाल्या, मग तुम्हीच ठेवा, तुम्हाला लागेल.

१८ फेब्रुवारी

आप्पा बोलत नाहीत. ताईला म्हणतात, त्याला सांग पाणी ठेवलंय.

२० फेब्रुवारी

आप्पा गोळीची पट्टी स्वतः फोडतात, उजेडात धरून बघतात, कधी घेतात कधी खिडकीत ठेवतात. आज दुपारी काका आले, ताई डबा घेऊन आली होती, आप्पा दुकानात होते. काका हळूच म्हणाले, कशाला त्यांच्या मागे लागता, गोळी कुटून डब्यात मिसळा, कळणारसुद्धा नाही.

खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने डबा खाली आपटला. ताई, जी कधी आवाज चढवत नाही.

"आठ महिने त्यांच्यासमोर प्रत्येक भांड्यातलं आधी मी खाते. अर्धा डबा माझ्या पोटात जातो, मग ते घास घेतात. घरी जाऊन परत सगळ्यांबरोबर जेवते, नाहीतर घरचे विचारतात. का खाते? यात काही नाही एवढं त्यांना दिसावं म्हणून. आणि आता मी त्यात घालू?"

मग माझ्याकडे वळली. "आणि तू. एका काडीने तो सगळा भरवसा घालवलास, मला परत पायरीवर आणून बसवलंस."

मी तिला सुटलीस म्हणालो होतो. त्याच पायरीवर.

काका थोडे वरमले, पण हटले नाहीत. म्हणाले, मग शेवटी माडी आहेच, कडी मी बसवून घेतलीय. मी विचारलं, केव्हा. म्हणाले, तू यायच्या आदल्या दिवशी.

कमरेला पाना होताच, तो माझ्या कमरेला कायम असतो. काकांच्या माडीवर गेलो. खोली झाडून ठेवलेली, गादी घातलेली, तांब्या-भांडं, खिडकीला गज. काकांनी वाईट मनाने केलं नसेल, नवी चादर होती. पण दार बाहेरून बंद होणार होतं. मी कडी काढली, कोयंडा काढला, सगळे नट-बोल्ट खिशात घातले. काका मागून म्हणत होते, लोक आपल्या घराला वेड्यांचं घर म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत. हवं तर मी पाटी रंगवून देतो, अक्षर वाईट आहे माझं पण लांबून वाचता येईल.

खाली आलो तर दुकानाच्या दारात आप्पा उभे. हातातल्या कडीकडे बघितलं. कुठली, ते ओळखलं असणार, त्यांना लोखंड सांगावं लागत नाही. मी कडी टाकून द्यायला निघालो तेव्हा हात पुढे केला. दिली. त्यांनी ती वाईसच्या जबड्यात आवळून धरली आणि करवतीने मधोमध कापली. अर्धा तास लागला. मग दोन्ही तुकडे भंगाराच्या डब्यात.

आज त्यांनी गोळी घेतली. ताई म्हणते, त्याचा याच्याशी काही संबंध नसेल.

२४ फेब्रुवारी

दुसरी भेट. आप्पांनी ताईला सांगितलं, तू चल, तो नको. मी पन्नास पावलं मागून गेलो, रस्ता कुणाच्या बापाचा नाही. ताई लंगडत होती, आप्पा तिच्यासाठी थांबत थांबत चालत होते. ते आत गेल्यावर मी समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. ताईने नंतर सांगितलं, आप्पांनी पेटीतून लांबी, म्हणजे भोकं भरायचा लगदा, नेली होती, आधी चौकटीतली भोकं बुजवली, मग बसले.

नंतर बाईंना गाठून एक विचारलं. हे रक्तात असतं का. म्हणाल्या, थोडी शक्यता जास्त असते, म्हणून होतंच असं नाही. नीट झोपा, दारू लांब ठेवा, काही वेगळं वाटलं तर लपवू नका, या. मी म्हटलं, परांचीवरून पडायचीही शक्यता असते, म्हणून मी चढायचं सोडलं नाही. बाई म्हणाल्या, पट्टा लावता ना? लावतो. मग झालं तर.

बाईंना क्लॅम्पचं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाही.

२६ फेब्रुवारी

उद्या निघायचं. आप्पांच्या पाया पडायला गेलो, पाय मागे घेतले. म्हटलं, आप्पा, मी चुकलो. काडी मी घातली. पुन्हा खोटं सांगून तुम्हाला कुठेही नेणार नाही. पण नेणार. उघड सांगून नेईन, शिव्या द्या, हातोडा घेऊन मागे लागा, तरी नेईन.

ते एका कुलपाच्या आतल्या लिव्हरला तेल देत होते. तेल देत राहिले.

१९ मार्च

क्लॅम्प चारदा नाही, तीनदा. दोनदाचा नियमच आहे, म्हणजे एकदा जास्त. मुकादमाला सांगितलं की मी असं करतो. तो म्हणाला, माहीत आहे, तू बांधलेल्यावर मी डोळे मिटून चढतो. मग म्हणाला, त्या बाईंशी फोनवर बोललो, त्यांनी सांगितलेल्या इथल्या डॉक्टरकडे घरच्यांना घेऊन गेलो होतो. घरच्या म्हणजे त्याची बायको. मी जास्त विचारलं नाही, पाईप वर ओढायला हात लावला.

४ एप्रिल

ताईचा फोन, जेवणाच्या सुट्टीत. आप्पांनी पुन्हा कुलूप बदललं. बारावं.

म्हटलं, म्हणजे काहीच फरक नाही. ताई म्हणाली, ऐक तरी. कुलूप बदललं, आणि दोन किल्ल्या कापल्या. एक त्यांच्या कमरेला. आज डबा घेऊन गेले तर दार बंद. वाजवलं, तर आतून म्हणाले, पायरीवर बघ. पायरीवर कागदात गुंडाळून ठेवली होती. माझी आहे रे, माझी. मी स्वतः कुलूप उघडून आत गेले.

मग ती रडायला लागली. मी विचारू नये ते विचारलं, माझी नाही का कापली? मग फोनवर खरखर झाली, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा आप्पा माझ्याशी बोलले.

"तुला किल्ली नाही. तू दार वाजवायचं. मी विचारीन कोण, आणि मग ठरवीन."

फोन ताईकडे परत गेला. तिने सांगितलं, डब्यातलं अजूनही तीच आधी खाते, पण आता एकच घास. काका अजून शेजारी बसून बघतात. गोळ्या चालू आहेत, कधी वाद घालून, कधी न घालता. पुढची भेट सोमवारी, तीच नेणार.

मला किल्ली नाही. बरं आहे. जिच्याकडे हवी होती तिच्याकडे गेली. मोठी सुट्टी दिवाळीला नाही आणि उन्हाळ्यातही नाही, मुकादम देईल तेव्हा. मिळाली की जाईन. सगळा बाजार बघत असला तरी बघू दे. दारासमोर उभा राहीन आणि वाजवीन. आतून विचारतील, कोण. सांगेन. परत विचारतील, मी कोण. परत सांगेन, आईचं नाव, कानशीचं, काडीचंसुद्धा. नाही उघडलं तर पायरीवर बसेन. पायरी मजबूत आहे. ताईने आठ महिने बसून बघितलीय.